पांढरी गोळी, जांभळी गोळी

"लिहिल्याप्रमाणेच द्या, म्हणाले." मियोशी बाईंनी फोन खाली ठेवला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं : विचारणा केली, उत्तर लिहिल्याप्रमाणेच. खाली तारीख, वेळ आणि स्वतःचा शिक्का. एप्रिलपासून हा तिसरा शिक्का होता.

काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या नोबुए अयुकावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण इस्पितळासमोरचं औषधाचं दुकान, बाकावर नंबराची वाट बघत बसलेली सहा माणसं, आणि त्या सहांपैकी चार तरी तिच्याच केशकर्तनालयाची गिऱ्हाइकं. अशा ठिकाणी आवाज चढवून कसं चालेल? तिने तो उलट इतका खाली आणला, की मियोशी बाईंना काउंटरवरून पुढे वाकावं लागलं.

"हात कापतो म्हणून सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणाले, आठ महिन्यांत एकदाही झटका आलेला नाही, नेहमीचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, आणि पेशंटची स्वतःची काही तक्रार नाही. मग चांगलं चाललंय ते कशाला बिघडवायचं?"

"तक्रार नाही?"

"कागदावर तसंच आहे. दर खेपेला. बदल नाही."

मियोशी बाईंनी नोबुएच्या नवऱ्याची, तेइजीची औषधांची वही उघडली आणि आजच्या गोळ्यांचं लेबल तिच्यात चिकटवलं. नोबुएची मान पुढे झाली. त्याच वहीत तिने सकाळी एक चिठ्ठी घडी करून ठेवली होती. आठ ओळींची ती चिठ्ठी लिहायला तिला दोन दिवस लागले होते. हात कधीपासून कापतो, चहाचा पेला कसा हिंदकळतो, जिन्यात दोनदा तोल कसा गेला, एकाचे दोन कसे दिसतात, सगळं त्यात होतं. डॉक्टर वही उघडणार आणि चिठ्ठी त्यांच्या हातात पडणार, असा तिचा हिशेब. वहीत आता लेबलांशिवाय काही नव्हतं.

"तेइजी मास्तर आत जाऊन नेमकं काय बोलतात?" मियोशी बाईंनी विचारलं.

तेइजी तिला कधी आत नेतच नसे. शेंबड्या पोरासारखं बायकोला सोबत कशाला न्यायचं, असं त्याचं म्हणणं.

आधी पांढरी गोळी एकटीच होती. बारा वर्षं. तेइजीला तरुणपणापासून अपस्मार. घरात त्याला नाव नव्हतं; नवराबायको त्याला 'ते' म्हणत. 'ते' आलं, 'ते' गेलं, या वर्षी 'ते' नाही. पांढऱ्या गोळीने 'त्या'ला चांगलं बांधून ठेवलं होतं. मग गेल्या मार्चमध्ये दहा दिवसांत दोनदा 'ते' आलं, दोन्ही वेळा घरातच. एप्रिलमध्ये दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे विद्यापीठाने इस्पितळात नवा डॉक्टर पाठवला. महिन्यातून दोन गुरुवार येणारे हे डॉक्टर कुसाका वयाने लहान, बोलायला सौम्य. त्यांनी पांढरीला हात न लावता तिच्या जोडीला जांभळी दिली. 'ते' थांबलं. आणि जून उजाडला तेव्हा तेइजीच्या हातातला कंगवा काचेच्या बरणीत ठेवताना खणखण वाजायला लागला.

मियोशी बाईंनी तेव्हाच नोबुएला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पांढरं औषध अंगाबाहेर काढण्याचं काम यकृताचं. जांभळं आलं की यकृताचं ते काम मंदावतं. मास्तर गोळ्या घेतात तेवढ्याच, पण पांढरं आत साचून जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून जांभळं सुरू केलं की पांढरं निम्म्यावर आणतात.

"म्हणजे खुर्ची एकच आणि नवीन गिऱ्हाईक ठाण मांडून बसलंय," नोबुए म्हणाली होती. "जुनं दारात तुंबलंय."

"अगदी तसंच," मियोशी बाई म्हणाल्या होत्या आणि पहिला फोन लावला होता.

तेइजी बसथांब्याच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. दोन्ही हात टोपीखाली. डिसेंबरची थंडी होती, पण हात थंडीसाठी झाकलेले नाहीत हे नोबुएला कळत होतं.

"काय विचारलं डॉक्टरांनी?"

"नेहमीचंच. काही बदल आहे का."

"मग?"

"म्हटलं, आपल्या कृपेनं ठीक आहे."

"ठीक आहे?"

"अगं, तसंच म्हणतात."

"आणि हाताचं?"

"हाताचं त्यांनी विचारलंच नाही."

त्यांच्या कुरेसाकी गावात घराला आग लागली आणि वाटेत कुणी 'कसं काय' म्हणालं, तरी माणूस आधी 'आपल्या कृपेनं' म्हणेल आणि मगच बादली उचलेल. नोबुए स्वतः दिवसातून चाळीसदा ते म्हणत असे. गिऱ्हाइकाला म्हणे, पोस्टमनला म्हणे, भाजीवालीला म्हणे. जिभेला इतकी सवय, की डोक्याला पत्ता लागायच्या आत शब्द बाहेर. पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. डॉक्टरसमोर जाऊन बसायचं, त्याने खरोखर विचारायचं, आणि आपण त्याला भाजीवालीचं उत्तर द्यायचं? तिने तेइजीच्या कोटाच्या खिशात हात घातला. चिठ्ठी तिथेच होती. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"त्यांच्या दाराशी पन्नास माणसं बसलेली असतात," तेइजी म्हणाला. "त्यांना काय वाचायला बसवायचं?"

"नाही, नाही. तुम्हाला जिन्यावरून खाली गडगडू द्यायचं."

बस आली. पुढची तारीख आठ आठवड्यांनी, फेब्रुवारीत.

नोबुए एकोणिसाव्या वर्षी या दुकानात शिकायला आली, तेव्हा तेइजीचे वडील हयात होते. परवान्याची परीक्षा ती पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास झाली, आणि मधल्या वर्षात तेइजीशी लग्न ठरलं. दुकानात कामांची वाटणी आपोआप झाली. केस धुणं, लहान मुलं, बायकांच्या मानेवरची लव, झाडलोट नोबुएकडे. पुरुषांची दाढी तेइजीकडे. त्याच्या वस्तऱ्याखाली माणसं झोपी जात. मच्छीमार पहाटेचं काम आटोपून खुर्चीत येऊन पडायचे, आणि दाढी झाल्यावर त्यांना उठवायचं हे नोबुएचं वेगळंच काम होऊन बसलं होतं. तेइजी फारसं बोलणारा माणूस नव्हे. जे काही होतं ते त्याच्या मनगटात होतं, आणि सदतीस वर्षं ती ते शेजारच्या खुर्चीवरून बघत आली होती. तिला त्याचा हेवा वाटे आणि अभिमानही वाटे.

आता दाढ्या तिच्याकडे आल्या होत्या. तिची दाढी वाईट नव्हती, पण तिच्या हाताखाली कुणी झोपत नसे. छप्पन्नाव्या वर्षी दिवसाला बारा-पंधरा दाढ्या करून तिचं उजवं मनगट सुजायचं. संध्याकाळी ती ते मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बसायची आणि समोर तेइजी टॉवेलांच्या घड्या घालत बसायचा. घड्याही वाकड्या यायच्या. ती त्या उलगडून पुन्हा घालायची आणि आपण हे त्याच्या देखत करतोय याचा तिला रागही यायचा.

एक कागेयामा कप्तान तेवढे ऐकायला तयार नव्हते. फेरीबोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस, पंधरा दिवसांनी एकदा येणार, आणि मास्तरच करतील म्हणून खुर्चीत आडवे होणार. वर्षअखेरीच्या गर्दीतही ते आले. बाकावर सात माणसं होती. नोबुएने, मी करते ना कप्तान, म्हणून पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तेइजीने फेस लावला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि गालावरून वस्तरा खाली आणला. कानाच्या पाळीशी तो अडखळला.

पांढऱ्या टॉवेलवर लाल ठिपका पडला, मग तो पसरला. बाकावरच्या सातही माणसांनी एकदम मासिकात डोकी खुपसली. कप्तानांनी डोळे उघडले नाहीत.

"टॉवेल आज छान गरम आहे," ते म्हणाले.

नोबुएने तुरटीचा खडा घेतला, पाळीला लावला आणि उरलेली बाजू स्वतः केली. जाताना कप्तान कानाला चिकटपट्टी लावून दोघांना वाकून नमस्कार करून गेले. तेइजीने वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि डबी खणात टाकली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून नोबुएला आश्चर्य वाटलं. तिला वाटलं होतं तो कोसळेल. पण ओझं उतरवून ठेवलेल्या हमालासारखा तो उभा होता. ते बघून ती अधिकच चिडली. इथे आपण जिवाचं रान करतोय, आणि या माणसाला वस्तरा सुटल्याचं साधं दुःखही नाही?

त्या रविवारी भांडण झालं. तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये, असं ती म्हणाली. मार्चअखेरीला हे डॉक्टर जाणार, एप्रिलमध्ये नवा येणार, तो वर्षभराचं 'बदल नाही, बदल नाही' वाचणार आणि तेच पुढे चालवणार, हेही म्हणाली. तेइजीने सगळं ऐकून घेतलं आणि मिसो-सूपचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला. निम्मं सूप चटईवर सांडलं. तिने फडकं आणलं. फडकं पिळता पिळता तिने ठरवलं, की फेब्रुवारीत आपण आत जायचं. त्याने नको म्हटलं तरी जायचं.

तो नको म्हणालाच. नोबुए त्याच्या आधी दार ढकलून आत गेली आणि पेशंटच्या मागच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली. बाहेर काढलं तर काढोत.

डॉक्टर कुसाकांनी काढलं नाही. त्यांनी वर पाहिलंच नाही. दुपारचे तीन वाजले होते आणि कीबोर्डशेजारी त्यांच्या जेवणाचा भाताचा गोळा अजून कागदातच होता. डोळ्यांखाली काळं, बूट ओले. नोबुएला क्षणभर त्यांची दया आली. मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथे डिसेंबरचा मजकूर आधीच आजच्या तारखेखाली उतरवून ठेवलेला होता. बदल नाही. औषधे पूर्ववत.

"अयुकावा-सान, काही बदल?"

"आपल्या कृपेनं, काही नाही," तेइजी म्हणाला.

"आहे," नोबुए म्हणाली.

डॉक्टरांची बोटं थांबली. तेइजीने मान खाली घातली. आठ महिने मनात घोळवलेलं भाषण नोबुएला ऐन वेळी आठवेना, एक वाक्यही आठवेना. ती उठली, तेइजीच्या मांडीवरची औषधांची वही उचलली आणि म्हणाली, "हात पुढे करा."

"अगं…"

"करा म्हणते ना."

त्याने उजवा हात समोर धरला. तिने वही त्याच्या पंजावर आडवी ठेवली. वही थरथरली, पानं फडफडली, एका बाजूला सरकत गेली आणि जमिनीवर पडली. डॉक्टरांनी खुर्चीतून वाकून ती उचलली. उचलल्यावर त्यांनी ती लगेच परत दिली नाही. तेइजीचा हात स्वतःच्या हातात घेतला, बोटं पसरून बघितली, डोळ्यांसमोर पेन फिरवलं, एका रेषेत चालायला लावलं. चौथ्या पावलाला तेइजीने भिंत धरली.

"हे केव्हापासून?"

"जूनपासून," नोबुए म्हणाली.

"आणि मला फेब्रुवारीत सांगताय?"

"औषधाच्या दुकानातून तीनदा फोन आला तुम्हाला."

डॉक्टरांचे कान लाल झाले. मग हळूहळू म्हणाले, "त्यांच्या कॉम्प्युटरवर सूचना येते, मग त्यांना विचारावंच लागतं. दिवसाला असे दहा फोन येतात. मला वाटलं, हाही त्यातलाच." मग म्हणाले, "माझी चूक झाली. दुसरं औषध दिलं तेव्हाच पहिलं कमी करायला हवं होतं. आजपासून करू या. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं."

हेच ऐकायला ती आठ महिने तडफडत होती. तिने वाकून नमस्कार केला. वर बघते तर तेइजी मान हलवत होता.

"डॉक्टरसाहेब, आहे तसंच राहू द्या."

"अहो!" नोबुएच्या तोंडून निघून गेलं.

"का?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी त्यांचे हात कीबोर्डवर नव्हते.

तेइजी बोलला ते भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून.

"एकोणीस वर्षांपूर्वी दोरखंडवाले हामादा खुर्चीत होते. गळ्यावर वस्तरा होता माझा. तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. 'ते' यायच्या आधी मला नेहमी तो वास यायचा. मी वस्तरा खाली ठेवला, टॉवेल आणतो म्हटलं आणि मागच्या खोलीत जाऊन पडलो."

"पाय घसरला म्हणालात तुम्ही," नोबुए म्हणाली. तिला तो दिवस आठवत होता. ओल्या फरशीवरून तिने त्याला झापलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी रबरी चटई आणून टाकली होती.

"वास यायचा म्हणून मी इतकी वर्षं दाढी करू शकलो. घंटा वाजायची म्हणा ना. मार्चमध्ये दोनदा आलं, तेव्हा वास आलाच नाही, डॉक्टरसाहेब. एकदाही नाही. काही कळलंच नाही मला." त्याने हात मांडीवर ठेवले, तिथेही ते हलत होते. "हात कापतो ते सगळ्यांना दिसतं. म्हातारा झाला म्हणतात आणि बायकोकडे जातात. मला कुणाला काही सांगावं लागत नाही. हात थांबला, तर लोक म्हणतील, करा की मास्तर. मग काय सांगू?"

बाहेर पुढच्या नंबराची घोषणा झाली, पण डॉक्टरांनी कुणाला आत बोलावलं नाही. त्यांनी तेइजीला समजावलं, की पांढरं कमी केलं तरी जांभळ्यामुळे ते अंगात पूर्वीइतकंच राहील. झटका त्यामुळे येईल असं नाही. येणारच नाही असं वचन मात्र कुठलाच डॉक्टर देणार नाही. पण आहे ते असंच ठेवलं, तर एक दिवस जिन्यात मान मोडेल. तेव्हा कमी तर करावंच लागेल. तेइजीने ऐकून घेतलं. आपण म्हणाल तसं, म्हणाला आणि कमरेत वाकला.

इस्पितळाच्या लांब बोळात नोबुए त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. एकोणीस वर्षं. एका छताखाली, दोन खुर्च्यांमध्ये चार हातांचं अंतर, आणि या माणसाने एक शब्द सांगितला नाही. आपण रबरी चटई आणली, तर छान आहे म्हणाला होता. डॉक्टरला नाही सांगितलं ते परवडलं. तो तरी परका होता.

"मला सांगायला काय झालं होतं?" ती थांबून म्हणाली.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "तसं नाही. सांगितलं असतं तर तू मला वस्तरा हातात धरू दिला असतास का?"

नसता दिला. एक दिवससुद्धा नसता दिला. ती पुन्हा चालायला लागली.

समोरच्या दुकानात मियोशी बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि फोनकडे न वळता थेट गोळ्या मोजायला घेतल्या. त्या दिवशी शिक्का लागला नाही. नोबुएला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आनंदाचं भरतं येईल. तिने पिशवी घेतली आणि आभार मानले.

पांढऱ्या गोळ्या उतरत गेल्या. मार्चमध्ये तेइजीला एकाचे दोन दिसायचे थांबले. एप्रिलमध्ये कंगवा बरणीत मुकाट्याने पडायला लागला. नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही 'काही बदल?' विचारलं, आणि मागच्या स्टुलावरून नोबुएने काय काय बदललं ते एकेक करून सांगितलं. तेइजी आता तिला आत येऊ देत असे. मे संपला तेव्हा तो टॉवेलांच्या घड्या अशा घालत होता, की कडेला कड लागे. 'ते' आलं नव्हतं. कात्री त्याने पुन्हा हातात घेतली होती, यंत्रही. गिऱ्हाइकं खूश होती. आणि झालंही त्याने सांगितलं होतं तसंच. हात थांबलेला लोकांनी बघितला आणि एकेक जण म्हणायला लागला, आता दाढीही तुम्हीच करा की मास्तर. तो हसून, बायको रागावेल, म्हणे. लोक हसत. नोबुए रागीट चेहरा करून बघत असे, आणि वस्तरा हातात घेत असे. तिच्या मनगटाची सूज काही उतरत नव्हती.

जूनमध्ये तिच्या भाचीचं लग्न होतं. लग्नाला जायचं म्हणजे गावातल्या सगळ्या बायका चेहऱ्यावरची आणि मानेवरची लव काढून घेत. किमोनोच्या मागच्या गळ्यातून मान स्वच्छ दिसावी लागते. नोबुएची लव लग्नापासून नेहमी तेइजीच काढत आला होता. लग्नाच्या आधीच्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळची कामं आटोपल्यावर तिने दुकान उघडं असल्याची खूण म्हणून दारात फिरणारा रंगीत पट्ट्यांचा दांडा बंद असल्याची खात्री केली, पडदा अर्धा ओढला आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

"माझी करा," ती म्हणाली.

तेइजी झाडू हातात धरून उभा होता.

"तुझी तू आरशात बघून करतेस की हल्ली."

"मानेवरची दिसते का मला? करा. इथे कोणी नाही. काही झालंच तर माझंच होईल ना? मी कुणाला सांगायला जाणार नाही."

त्याने झाडू भिंतीला टेकवला. खुर्ची मागे झुकवली. तिला पाण्याचा आवाज आला, मग वाडग्यात ब्रश घोटल्याचा. गरम टॉवेल चेहऱ्यावर आला, गेला, आणि फेस लागला. गालावर, कपाळावर, ओठांच्या वर, कानांमागे. ब्रश कुठेही घाई करत नव्हता. एकही थेंब कॉलरवर पडला नाही. नोबुएने डोळे मिटले. वर्षभर उपसलेल्या कष्टांनी तिचं अंग एकदम जड झालं, आणि तिला वाटलं, आता आपल्याला झोप लागेल. मच्छीमारांना लागायची तशी.

खण उघडल्याचं तिने ऐकलं. डबी उघडल्याचं ऐकलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तिच्या जबड्याशी येऊन टेकली आणि त्यांनी कातडी हलकेच ताणून धरली. ती वाट बघत राहिली. बाहेरून एक सायकल गेली. समुद्रावर फेरीबोटीचा भोंगा झाला. बोटं तिच्या गालावर तशीच होती, गरम आणि घट्ट. त्यांच्यात कापरं नव्हतं. फेस सुकत आला आणि कातडीला खाज सुटायला लागली, तरी तिने डोळे उघडले नाहीत.

मग बोटं उचलली गेली. गालावर पुन्हा गरम टॉवेल आला. त्याने फेस पुसून घेतला, सावकाश, कानांमागचासुद्धा, आणि खुर्ची सरळ केली.

"झालं," तो म्हणाला.

नोबुएने गालावरून हात फिरवला. लव जशीच्या तशी होती. तिने मानेमागेही हात नेऊन बघितला. आठ महिने जी जीभ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्याचा पिच्छा पुरवत होती, ती आता टाळ्याला चिकटून बसली. तिने आरशात पाहिलं. तेइजी तिच्याकडे पाठ करून दिव्याखाली उभा होता आणि न वापरलेलं पातं मऊ फडक्याने पुसत होता, आधी एक बाजू, मग दुसरी. त्याचा हात जराही हलत नव्हता.